जुनी गिअरची गाडी अधूनमधून बंद पडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे, साधारण २००० ते २०१२ मधल्या, इंजेक्शनवाल्या, हाताने गिअर टाकायच्या. ज्यांच्याकडे अजून कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० किंवा ओम्नी आहे त्यांच्यासाठी खाली वेगळा प्रश्न आहे. माझी स्वतःची २००४ ची हॅचबॅक आठ महिने असंच करत होती, तीन पार्ट बदलून झाले तरी बंद पडायची थांबेना, आणि शेवटी दोष निघाला एका रिलेच्या (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचच्या) सॉकेटमध्ये. तेव्हापासून मला कोणी विचारलं की पहिलं हेच सांगतो, पार्ट बदलायच्या आधी गाडी बंद पडलेली असतानाच तपासा, कारण परत चालू झाली की दोष गायब होतो आणि मग नुसते अंदाज उरतात.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर पहिल्यांदा काय करायचं?

क्लच दाबा, हजार्ड लाइट लावा आणि स्टिअरिंग घट्ट धरा. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते एकदम जड होणार, पण वळतं, जोर लावावा लागतो एवढंच. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये दोनतीन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो, म्हणून ब्रेक सारखा पंप करू नका, एकदाच दाबून धरत गाडी कडेला घ्या. बूस्टर संपला तरी ब्रेक लागतो, फक्त पाय खूप जोरात रोवावा लागतो. चावी पूर्ण मागे फिरवून काढू मात्र नका, स्टिअरिंग लॉक होतं आणि चालत्या गाडीत ते फार धोक्याचं. चढावर असाल तर हँडब्रेक, पहिला गिअर, आणि कोणी बरोबर असेल तर मागच्या चाकाला दगड. घाटात वळणावर बंद पडली तर माणसांना आधी उतरवून डोंगराच्या बाजूला उभं करा, गाडीचं नंतर बघता येईल.

सगळे म्हणतात "बंद पडते", पण मेकॅनिक विचारतो कशी बंद पडते. ह्यात फरक काय?

सगळा फरक इथेच आहे. इंजिनाला हवा लागते, पेट्रोल लागतं आणि वेळेवर करंट म्हणजे प्लगची ठिणगी लागते, आणि ह्यातलं काय गेलं त्याप्रमाणे इंजिन वेगवेगळ्या पद्धतीने बंद पडतं. स्विच बंद केल्यासारखं झटक्यात, एकही गचका न देता बंद पडलं तर बहुतेक करंटचा मामला, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा), कॉइल (ठिणगीचा करंट तयार करणारी), इग्निशन स्विच, ईसीयूची म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची मेन रिले ह्यातलं काहीतरी. आधी गचके खाल्ले, पिकअप गेलं, अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढेना आणि मग बंद पडलं तर पेट्रोल कमी पडतंय, पंप, फिल्टर, पंपाची रिले, टाकीचं झाकण. चालताना एकदम मस्त, आणि पाय काढून क्लच दाबला की आयडलिंग (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन हळू फिरतं ते) खाली खाली जाऊन बंद, तर ते हवेचं म्हणजे थ्रॉटल बॉडी (हवा कमीजास्त करणारी पाकळी जिच्यात असते ती), आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा सांभाळणारा), कुठेतरी फाटलेला व्हॅक्यूम पाइप.

ह्याला अपवाद आहेत, पंपाचा करंट पूर्ण तुटला तर पण दोनतीन सेकंदातच खेळ खलास होतो आणि घाबरलेल्या माणसाला ते झटक्यातच वाटतं. म्हणून गाडीत कोणी बरोबर असेल तर दोघांनी आपापलं आठवून सांगा.

नोंद ठेवायची म्हणजे काय लिहायचं?

डॅशबोर्डच्या कप्प्यात छोटी वही आणि पेन ठेवा. बंद पडल्यावर लगेच लिहा, तारीख, सुरू करून किती मिनिटं झाली होती, टेम्परेचरचा काटा कुठे होता, टाकीत पेट्रोल किती, एसी चालू का, कुठला गिअर, चढ की सपाट, पाऊस की ऊन, झटक्यात की गचके खाऊन, लगेच चालू झाली का किती मिनिटांनी. चारपाच नोंदी झाल्या की एखादी गोष्ट प्रत्येक वेळी दिसायला लागते. माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला "३५ ते ५० मिनिटांनी" आणि "चढ" होतं, आणि एवढ्यावरून गरम होण्याशी संबंध आहे हे कळलं. नुसतं डोक्यात ठेवलं असतं तर कळलं नसतं, कारण मला वाटत होतं की ती कधीही बंद पडते.

सिग्नलला क्लच दाबून गिअर काढला की बंद पडते, हायवेला काहीच त्रास नाही. काय असेल?

हा सगळ्यात कमी खर्चाचा प्रकार, आणि बऱ्याचदा घरी सुटतो. थ्रॉटल बॉडीत काळा चिकट कार्बन साचतो, पाय काढला की पाकळी बंद होते आणि आयडलिंगची हवा जिथून जायची ती वाट बुजलेली असते. एअर फिल्टरचा पाइप काढा, टॉर्च मारून पाकळीच्या कडेला बघा, काळी रिंग दिसली की थ्रॉटल क्लीनर आणि सुती कापडाने पुसा, इंजिन थंड आणि बंद असताना. तारेचा ब्रश लावू नका. आयडल एअर व्हॉल्व्ह वेगळा निघत असेल तर तोही साफ करा, नवीन गॅस्केट घालून बसवा. साफ केल्यावर एकदोन दिवस आयडलिंग जास्त राहू शकतं, ईसीयू जुन्या घाणीचा हिशोब धरून बसलेला असतो, बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली की बऱ्याच गाड्यांत ते रीसेट होतं, रेडिओला कोड असेल तर आधी तो शोधून ठेवा.

एसी लावल्यावरच बंद पडते असं असेल तरी सुरुवात इथूनच करा. एसीचा कंप्रेसर लागला की ईसीयू आयडलिंग वाढवतो, व्हॉल्व्ह अडकला तर ते वाढत नाही.

व्हॅक्यूम पाइपांचं मात्र नीट बघा. वीस वर्षांचं रबर वरून चांगलं दिसतं पण वाकवलं की भेगा दिसतात, विशेषतः टोकाला जिथे क्लिप बसते तिथे आणि पीसीव्हीच्या म्हणजे इंजिनातली वाफ परत ओढून घेणाऱ्या पाइपाच्या खालच्या बाजूला. आयडलिंगला एकेक पाइप पक्कडीने हलका दाबून बघा, दाबल्यावर इंजिनाचा आवाज सुधारला तर त्याच बाजूला गळती आहे.

दोष इंजिनात नसून क्लचमध्ये असू शकतो का?

हो, आणि हे कोणी बघतच नाही. क्लच पूर्ण सुटत नसेल, केबल ताणली गेली असेल किंवा सिलिंडर गळत असेल, तर पेडल खाली असतानाही इंजिन चाकांना थोडं जोडलेलंच राहतं आणि ब्रेक मारून थांबताना चाकं इंजिनाला ओढून बंद पाडतात. तपासायला सोपं आहे, थांबायच्या जरा आधी न्यूट्रल करून थांबा. न्यूट्रलला थांबलं की बंद पडत नाही आणि क्लच दाबून पहिल्या गिअरला थांबलं की पडते, असं असेल तर आधी क्लच. रिव्हर्स टाकताना कर्रर्र होत असेल तर शंका अजून पक्की.

अर्धा पाऊण तास चालली की बंद, वीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. हे काय?

गरम झाल्यावर कुठेतरी जोड सुटतोय आणि थंड झाल्यावर परत लागतोय. पहिला संशय क्रँक सेन्सरवर. त्याच्या आतली बारीक तारेची गुंडाळी गरम झाली की तुटक होते, ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही देत नाही. गाडी झटक्यात मरते. बंद पडल्यावर सेन्सरवर ओलं फडकं धरा, इंजिनावर पाणी ओतू नका, आणि दोनतीन मिनिटांत चालू झाली तर जवळजवळ नक्की तोच. थंड असताना मीटरने मोजून "रेझिस्टन्स बरोबर आहे" म्हणून सोडून देणारे खूप भेटतात, पण थंड असताना तो बरोबरच येणार. आणि तीन वायरचा हॉल टाइप सेन्सर असेल तर तो ओहममध्ये मोजायचाच नसतो. दुसरा संशय इग्निशन कॉइल, तोही गरम झाल्यावरच दगा देतो.

माझ्या गाडीला हे दोन्ही नव्हतं. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत होतो, तिसऱ्या गिअरमधून दुसरा टाकला, दोन गचके बसले आणि गेली. ह्या वेळी मात्र मी ठरवलेलं होतं की थंड व्हायची वाट बघायची नाही. बोनेट उघडलं, बायकोला म्हटलं मागच्या सीटला कान लाव, आणि चावी ऑन केली. पंपाचा हूं असा जो आवाज येतो तो नाही. पंप तर चारच महिन्यांपूर्वी नवीन टाकलेला. रिलेवर बोट ठेवलं, टक होतंय. टेस्ट लॅम्पचं (करंट येतोय का बघायच्या छोट्या दिव्याचं) एक टोक बॉडीला आणि दुसरं पंपाच्या कनेक्टरला लावलं, लॅम्प लागला नाही. म्हणजे रिले हुकूम घेतोय पण करंट पुढे जात नाही. रिले उपटून बघितला तर त्याचं एक पातं तपकिरी झालेलं, आणि सॉकेटमधली पितळी पकड सैल, भोवतीचं प्लास्टिक किंचित वितळून फुगलेलं. रिलेची पेटी इंजिनाच्या शेजारी, चढाला बोनेटखाली भट्टी झाली की पकड अजून सैल व्हायची. पकड पक्कडीने जरा आवळून घरी आलो, दुसऱ्या दिवशी वायरमनकडून नवीन सॉकेट बसवलं. पंप, फिल्टर आणि प्लगला जे पैसे गेले त्याच्या पासंगालाही हा खर्च लागला नाही, आणि त्यानंतर ती एकदाही तशी बंद पडलेली नाही.

पेट्रोल पंप घरी कसा तपासायचा?

बहुतेक इंजेक्शन गाड्यांत चावी ऑन केली की पंप दोनतीन सेकंद चालतो आणि थांबतो, मागच्या सीटखाली किंवा टाकीजवळ शांततेत ऐकू येतो. गाडी चांगली असताना तो आवाज आधी कानात बसवून ठेवा, म्हणजे बंद पडल्यावर फरक कळेल. आवाज येतो म्हणजे पंप चांगलाच असं मात्र नाही, प्रेशर कमी असू शकतं. ह्या गाड्यांत ते साधारण ३ बारच्या आसपास लागतं, नक्की आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि गेज लावून गॅरेजमध्येच मोजा, कारण गरम इंजिनाजवळ पेट्रोलचा प्रेशरचा पाइप सोडणं हे आगीला निमंत्रण आहे.

ज्यांना कायम रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय आहे त्यांचे पंप लवकर जातात. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. निदान पाव टाकी ठेवत जा.

बंद पडताना डॅशबोर्डचे दिवे, रेडिओ, सगळंच जातं. मग?

मग इंजिन सोडून द्या आणि वीज कुठे तुटते ते शोधा. इंजिन नुसतं बंद पडलं तर ऑइल आणि बॅटरीचे दिवे लागतात. तेही लागले नाहीत तर बॅटरीच्या टर्मिनलपासून इग्निशन स्विचपर्यंत कुठेतरी पुरवठा तुटलाय. टर्मिनल हाताने हलवून बघा, हललं तर तेच कारण असू शकतं. त्यावरची पांढरी हिरवी पावडर गरम पाण्याने धुवा, कोरडी करून घट्ट आवळा. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे बोल्टने लागते तिथे गंज खरवडून काढा, कोकणातल्या गाड्यांना तर हे दरवर्षी करावं.

इग्निशन स्विच जुना झाला की आतली पितळी पट्टी झिजते, खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर सुटते. इंजिन चालू ठेवून चावी हलकेच डावीउजवीकडे हलवा, इंजिन अडखळलं तर स्विच बदला. घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या सगळ्या चाव्यांचा जुडगा गाडीच्या चावीला लटकवू नका, तेवढं वजन वर्षानुवर्षं त्याच स्विचवर येत असतं.

मीटर असेल तर बॅटरी बंद इंजिनाला १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनाला साधारण १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. चालू असताना १२.५ च्या खाली उतरत चालली असेल तर अल्टरनेटर दाखवा. बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक आणि सायरनवालं सिक्युरिटी किट असेल तर ते पहिल्यांदा वायरमनकडून पूर्ण सोडवून घ्या, बऱ्याच जणांनी इग्निशनची वायर कापून नुसती पिळून टेप मारलेली असते.

गिअरची गाडी असल्याचा तपासात काही फायदा होतो का?

होतो, खूप. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना, गाडी बंद पडली आणि गिअर टाकलेलाच असेल तर क्लच लगेच दाबू नका, एक दोन सेकंद आरपीएमचा काटा बघा. चाकं इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे काटा स्पीडप्रमाणे वरच राहायला पाहिजे. गाडी पळतेय, गिअरमध्ये आहे आणि काटा शून्यावर आपटला, तर इंजिन फिरत असल्याची बातमीच पोचत नाहीये, म्हणजे क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा ईसीयूचा पुरवठा. काटा वर आहे पण इंजिन ओढत नाही, तर पेट्रोलकडे आधी बघा. काही जुन्या गाड्यांत काटा कॉइलवरून चालतो, तिथे शून्य म्हणजे कॉइलची बाजू. काटाच नसलेल्या गाड्या आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांनी दिव्यांवरून अंदाज घ्यावा. आणि वर्दळीच्या रस्त्यावर हा प्रयोग अजिबात नको, तिथे क्लच दाबून बाजूला घेणं एवढंच.

स्कॅनर लावला, काहीच कोड नाही, चेक लाइटही लागत नाही. मग गाडी ठीक आहे का?

नाही. आपल्याकडे ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची यंत्रणा बंधनकारक झाली ती बीएस ४ ह्या प्रदूषणाच्या नियमांबरोबर, २०१० पासून टप्प्याटप्प्याने. त्याआधीच्या गाड्यांचा ईसीयू मोजक्याच दोषांची नोंद ठेवतो, काहींना कंपनीचाच स्कॅनर लागतो. आणि रिले, पंप, फिल्टर, सैल अर्थिंग ह्यांचा कोड कित्येकदा येतच नाही. स्कॅनरचा खरा उपयोग चालू आकडे बघायला आहे. गरम इंजिनाला कूलंट सेन्सर २० डिग्री दाखवत असेल तर ईसीयूला वाटतंय इंजिन थंड आहे आणि तो पेट्रोल ओततोय, मग गरम झाल्यावर आयडलिंगला घरघरून बंद, प्लग काळे आणि मायलेज पडलेलं. अशा गाडीच्या पीयूसीच्या कागदावर सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा आधीपेक्षा वर गेलेला दिसतो, मागचे दोनतीन कागद जपून ठेवले असतील तर शेजारी ठेवून बघा.

फक्त पावसाळ्यात होतं.

प्लगच्या वायरी, कॉइलची टोपी, आणि डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याचं झाकण. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा, हात लांब ठेवून. निळसर ठिणग्या उडताना दिसल्या की वायरी बदला, पूर्ण सेट. दुसरं म्हणजे उंदीर, पावसात ते बोनेटखाली आसरा घेतात आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात. साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर मात्र परत सेल्फ मारू नका, आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टोइंग करून न्या.

सीएनजी किट आहे. पेट्रोलवर बंद पडते, गॅसवर नाही. किंवा उलटं.

तुमचं निम्मं काम झालं. दोन्हीला ठिणगी, क्रँक सेन्सर आणि बॅटरी एकच. फक्त पेट्रोलवर पडत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर. फक्त गॅसवर पडत असेल तर रेग्युलेटर, गॅसचा फिल्टर, ट्यूनिंग. दोन्हीवर पडत असेल तर ठिणगी आणि वायरिंग, त्यातही किट बसवताना जिथे जिथे मूळ वायर कापून जोड दिलेत ते सगळे जोड उघडून सोल्डर करून घ्या. गॅसवरच गाडी चालवणाऱ्यांचं पेट्रोल महिनोन्महिने टाकीत पडून राहतं, आठवड्यातून थोडी तरी पेट्रोलवर चालवा.

कार्ब्युरेटरवाली आहे, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडते.

व्हेपर लॉक. पंप इंजिनावरच बसवलेला, पाइपातलं पेट्रोल उकळून वाफ होतं आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. बोनेट उघडून थांबा, पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवा. जुने ड्रायव्हर हेच करत आलेत आणि बरोबर करत आलेत. पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधा, आणि कूलिंग फॅन वेळेवर लागतो का बघा. बाकी फ्लोटच्या कपातला कचरा, आयडल जेट आणि आयडल सोलेनॉइड, हे जुन्या मिस्त्रीकडून साफ करून घ्या, ज्याने कार्ब्युरेटर हाताळलाय त्याच्याकडूनच.

टाकीचं झाकण आणि इथेनॉलचा काही संबंध?

झाकणाचा आहे. हवा आत जायची वाट बुजली की पंप ओढून ओढून टाकीत व्हॅक्यूम तयार होतो. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा, जोरात स्सss करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली तर कारण सापडलं. पुढचे दोन दिवस झाकण जरा सैल लावून चालवून खात्री करा, टाकी अर्धीच भरलेली ठेवून.

इथेनॉलचं म्हणाल तर २० टक्के मिश्रणासाठी ह्या गाड्यांचं रबर बनवलेलं नाही, पाइप आणि सील मऊ पडतात, आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीच्या तळाला पाणी असू शकतं. पाइप इथेनॉलला चालणारे टाका आणि पेट्रोल फिल्टर वेळेच्या आधी बदला. पण प्रत्येक बंद पडण्याचं खापर इथेनॉलवर फोडून तपास थांबवू नका.

धक्का मारून चालू केली तर चालेल का?

सेल्फ फिरतच नसेल, बॅटरी उतरली असेल, तर चालेल, दुसरा गिअर टाकून. सेल्फ खणखणीत फिरतोय आणि तरी चालू होत नाही, तर धक्क्याने काही होणार नाही, माणसं मात्र दमतील.

गॅरेजमध्ये नेली की बंदच पडत नाही. मेकॅनिकला काय सांगू?

वही दाखवा. "बघा ना काहीतरी" म्हणू नका, "गरम झाल्यावर चाळीस मिनिटांनी, गचके खाऊन, पंपाचा आवाज येत नव्हता" असं सांगा. चांगला मेकॅनिक तेवढ्यावर निम्मी लिस्ट खोडतो. त्याला गाडी घेऊन ज्या रस्त्यावर बंद पडते तिथेच चला म्हणा, त्याच्या वेळेचे पैसे द्या, ते पार्ट बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. पार्ट बदललाच तर जुना परत मागून घ्या आणि डिकीत ठेवा, दोष तसाच राहिला तर कळेल की तो पार्ट चांगला होता.

दोष सापडेपर्यंत गाडी वापरू का?

गावात, दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, हो. एक्सप्रेसवेवर, रात्री घाटात, किंवा म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन, नाही. डिकीत टेस्ट लॅम्प, एक सारखा रिले, फ्यूज, टॉर्च आणि परावर्तक त्रिकोण ठेवा. त्रिकोण गाडीच्या अगदी मागे टेकवून ठेवू नका, चांगला पन्नास पावलं मागे, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे.